सगळ्यात वाईट आकडा

आमच्या बाबांना कुणाबद्दल चांगलं लिहिता येत नाही. बोलतात चांगलं, वागतातही चांगलं. पण हातात पेन आलं की माणूस बदलतो. मी दहावीत असताना शाळेनं पालकांना आपापल्या मुलांबद्दल चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. बाकीच्यांच्या आईवडिलांनी मेहनती, आज्ञाधारक वगैरे लिहून काम उरकलं. बाबांनी लिहिलं, 'गणितात सर्वात कमी गुण ४१. सहामाही परीक्षा. तेव्हा ताप होता.' मॅडमनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं. मी चार दिवस बाबांशी बोलले नाही, आणि ते चार दिवसही त्यांनी कुठेतरी टिपून ठेवले असणार अशी माझी खात्री होती.

त्यांचा दोष नाही, धंदाच तसा आहे. इथे ग्वाल्हेरला महाराजपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एक छोटी कंपनी आहे, तिथे बाबा एकतीस वर्षं टेस्टिंग करतात. कंपनी फ्रीक्वेन्सी सिंथेसायझर बनवते. एवढं सांगितलं की लोकांना गाण्याचा कीबोर्ड आठवतो, कारण ग्वाल्हेर म्हटलं की सगळ्यांना गाणंच सुचतं. तसं काही नाही. काड्यापेटीएवढी पत्र्याची डबी असते. तिच्यात क्वार्ट्झचा एक स्फटिक एकाच ठरलेल्या वेगानं थरथरत असतो, आणि त्या एकाच्या आधारानं डबी तुम्ही मागाल ती फ्रीक्वेन्सी तयार करून देते. वायरलेस सेट एका चॅनेलवरून दुसऱ्यावर जातो तो हिच्याच जिवावर.

डबी चांगली की वाईट हे चार-पाच आकड्यांवर ठरतं. कुठपासून कुठपर्यंत चालते, किती बारीक पायऱ्यांनी चढते, न मागितलेले सूर किती जोरात काढते, मे महिन्याच्या उन्हात जागेवर राहते की घसरते. मुख्य सुराच्या आजूबाजूला जी कुजबुज चालते तिला फेज नॉइज म्हणतात, तीही मोजतात. पण बाबांचा लाडका आकडा लॉक टाइम. चॅनेल बदलला किंवा धक्का बसला की डबीचा सूर सुटतो. तो पुन्हा पक्का बसायला लागणारा वेळ म्हणजे लॉक टाइम. "सूर सुटणं हा दोष नाही," बाबा जेवताना सांगायचे, जसं काही कुणी विचारलंच होतं. "सुटतो सगळ्यांचाच. परत यायला किती वेळ लागतो ते बघायचं. परत येतच नाही तो तुकडा नापास."

हे सगळे आकडे ज्या कागदावर छापतात ती डेटाशीट. तिच्यात दोन रकाने असतात, एक 'नेहमी' आणि एक 'कमाल'. बाकीच्या कंपन्या 'नेहमी'चा आकडा ठळक छापतात, कारण तो दिसायला देखणा असतो. बाबा कमाल छापायला लावतात, म्हणजे त्या सगळ्या लॉटमधल्या सगळ्यात वाईट तुकड्याचा आकडा. यावरून त्यांचं आणि मालकांचं, रमाकांतजींचं, वर्षातून दोनदा तरी वाजतं. गेल्या दिवाळीआधी रमाकांतजी आमच्या घरी येऊन बसले होते.

"सूर्याजीराव, चाळीसपैकी एकोणचाळीस तुकडे एकदम बढिया आहेत. तो एक बाजूला ठेवा ना. बेकार में सगळ्या लॉटचं नाव खराब."

"तो एक कुणाच्या तरी सेटमध्ये बसणार आहे," बाबा म्हणाले. "त्या माणसाला जाऊन सांगणार का, की बाकीचे एकोणचाळीस चांगले होते?"

"अहो, पण गिऱ्हाईक आकडा बघून पळतो."

"आकडा बघून पळतो तो आपला गिऱ्हाईक नव्हेच. आपला गिऱ्हाईक विचारतो, हे कोणत्या परिस्थितीत मोजलं."

रमाकांतजी चिवडा खाऊन गेले. डेटाशीट बाबांच्या मनासारखी छापली, खाली त्यांच्या सहीसकट. 'मापन: सू.' एवढीच सही असते त्यांची.

आता माझ्याबद्दल. माझं नाव गरिमा, वय एकतीस, माधवगंजातल्या शाळेत गणित शिकवते, आणि मला फिट येतात. म्हणजे यायच्या. एकोणिसाव्या वर्षी पहिली आली आणि तीन वर्षांपूर्वी शेवटची. तेव्हापासून गोळ्या वेळेवर आणि झोप भरपूर, त्यामुळे सगळं ठीक आहे. पण इकडे मिरगी हा शब्द उच्चारला की लोक तुमच्याकडे दुसऱ्याच नजरेनं बघायला लागतात, त्याला गोळी नाही.

दोन वर्षांपूर्वी माझा साखरपुडा झाला होता, झाशीच्या एका मुलाशी. त्या वेळचा बायोडाटा आईनं दौलतगंजातल्या दुकानातून छापून आणला होता. वर गणपती, खाली 'स्वभाव मनमिळाऊ, प्रकृती उत्तम'. बाबांनी सांगून टाकू म्हटलं, तर आई म्हणाली, "अहो, लग्नाच्या आधी कोण सांगतं असलं? मग सांगून देऊ हळूहळू." बाबा गप्प बसले. मग एका रविवारी मुलाच्या बहिणीला माझ्या पर्समध्ये गोळ्यांची पट्टी सापडली आणि आठ दिवसांत नारळ परत आला. मला त्या मुलाचं फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते फसवणारी म्हणून माझं नाव घेतलं गेलं त्याचं. अजून वाटतं.

आणि आता संग्रामसिंह. नया बाजारात त्याचं चष्म्याचं दुकान आहे, तो स्वतः डोळे तपासतो. मी बाबांना नवीन चष्म्यासाठी तिथे घेऊन गेले होते. त्यानं नंबर काढला, कागदावर लिहिला, आणि बाबांनी आपल्या सवयीप्रमाणे विचारलं, "हा कोणत्या उजेडात काढलात?" मी खाली बघायला लागले. पण तो हसला नाही. "बात तो सही है," म्हणाला, उठून दुकानाची ट्यूबलाइट बंद केली आणि सगळी तपासणी पुन्हा केली. पाव नंबरचा फरक निघाला. बाबा इतके खूश झाले की परतताना रिक्षात तीनदा म्हणाले, पाव नंबर.

त्यानंतर माझ्या चष्म्याचे स्क्रू वारंवार ढिले व्हायला लागले. संग्रामसिंह दर वेळी ते घट्ट करून द्यायचा, आणि मी दर वेळी आज फिटचं सांगायचंच असं ठरवून जायचे आणि स्क्रूच घट्ट करून परत यायचे. मग त्याचे वडील जगदेवराव यांनी रीतसर निरोप धाडला की रविवारी येतो, बायोडाटा तयार ठेवा. त्याला आई नाही, घरात दोघंच. तर रविवारी दोघं येणार, आणि त्यांना काय सांगायचं हा माझ्या आयुष्याचा प्रश्न होता.

"ह्या वेळचा बायोडाटा मी लिहिणार," असं बाबांनी जाहीर केलं. आईनं कपाळावर हात मारला.

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर ते पट्टी घेऊन बसले. पांढऱ्या कागदावर निळ्या पेनानं त्यांनी पाच रकाने आखले. गुण, किमान, नेहमी, कमाल, परिस्थिती. मी आणि आई मागे उभ्या राहून वाचत होतो.

'उंची ५ फूट ३ इंच, चप्पल काढून.' ठीक. 'राग येण्यास लागणारा वेळ: नेहमी एक मिनिट, किमान तीन सेकंद. परिस्थिती: आई मध्ये बोलल्यास.' पुढे, 'राग उतरण्यास लागणारा वेळ: नेहमी वीस मिनिटं, कमाल चार दिवस. परिस्थिती: दहावी.' म्हणजे खरंच टिपून ठेवले होते! 'पोळ्या: खाण्यास योग्य, गोल नाहीत.' 'तापमानाचा परिणाम: ४४ अंशांच्या वर चिडचिड वाढते.' 'झोपेत बडबड: आठवड्यातून एकदा, विषय बीजगणित.'

"अहो, मुलगी द्यायची आहे की पंखा विकायचा आहे?" आई म्हणाली. "जरा ढंगानं लिहा की!"

मी हसत होते आणि वैतागतही होते. हसता हसता माझी नजर खालच्या ओळींवर सरकत होती, कारण पुढे काय येणार हे मला माहीत होतं. तिथे लिहिलेलं असणार, एकूण किती, सगळ्यात लांब किती मिनिटं, शेवटची कधी. निळ्या शाईत, पट्टीनं आखलेल्या चौकटीत. मी मनाची तयारी करून शेवटच्या ओळीवर आले.

'आरोग्य: उत्तम.'

बाकीचे चारही रकाने कोरे. किमान नाही, कमाल नाही, परिस्थिती नाही. आणि खाली सहीही नाही.

खोटं कशाला बोलू, मला आधी बरं वाटलं. छातीवरचं ओझं उतरावं तसं. आईनं माझा हात दाबला.  मग मी बाबांकडे बघितलं. ते पट्टी पुसत होते, जिच्यावर पुसण्यासारखं काहीही नव्हतं.

संध्याकाळी ते गच्चीत एकटे बसले होते तेव्हा मी जवळ गेले. "बाबा, ते आरोग्याचं..."

"राहू दे ते तसंच."

"तुम्ही एका डबीसाठी रमाकांतजींशी भांडता."

"डबीला काय," बाबा म्हणाले. "नापास झाली तर दुसरी बनते." मग म्हणाले, "त्या पोराच्या दुकानातून तू घरी येतेस ना, तेव्हाचा तुझा चेहरा मी बघितलाय. आकडा लिहून तो जाणार असेल तर मला नाही लिहायचा आकडा."

"मग सही का नाही केलीत?"

"लिहिलं तेवढं पुरे. सही नाही होत माझ्याच्यानं."

रात्री ते जेवले नाहीत, पोट बरं नाही म्हणाले. एकतीस वर्षांत मालकासमोर जे केलं नाही ते माझ्यासाठी केलं होतं, आणि ते त्यांच्या पचनी पडत नव्हतं. मला त्यांच्यावर इतकी माया आली आणि इतका रागही आला की दोन्ही वेगळे करता येईनात. मला वाटत होतं की मला लपवायचं आहे. बाबांनी माझ्यासाठी लपवून दाखवलं तेव्हा कळलं की ते बघवत नाही.

रविवारी अकरा वाजता जगदेवराव आणि संग्रामसिंह आले. जगदेवराव उंच, मिशीवाले, कमी बोलणारे. संग्रामसिंह निळा शर्ट घालून आला होता आणि घाबरलेला होता, ते बघून मला धीर आला. बाबा त्यांच्याशी बोलत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. आई पोहे भरत होती. बायोडाटा फ्रीजवर ठेवला होता. मी तो घेतला, ओट्यावर ठेवला आणि 'उत्तम'वर रेघ मारली.

"काय करतेस?" आई कुजबुजली. "गरिमा, फालतूपणा करू नको. पुन्हा झाशीसारखं करायचंय का?"

"झाशीसारखं होऊ नये म्हणूनच."

मी लिहायला लागले. 'फिट येतात. एकूण ११. शेवटची तीन वर्षांपूर्वी. गोळ्या रोज दोन वेळा.' कमालच्या रकान्यात लिहिलं, 'सर्वात लांब ४ मिनिटं (अंदाजे)'. अंदाजे, कारण मला काय माहीत? मी तर तेव्हा नसतेच. बाकीचे माझं तोंड बघतात आणि मी जागी झाले की सगळे काही झालंच नाही असं दाखवतात. परिस्थितीच्या रकान्यापाशी पेन अडलं. तिथे मी काहीच लिहिलं नाही.

आईच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिनं कागद ओढून घेतला नाही. पोह्यांचा ट्रे तिनं उचलला आणि कागद मी.

मी तो सरळ संग्रामसिंहच्या हातात दिला. तो वाचत गेला. पोळ्यांपाशी हसला, बीजगणितापाशी मोठ्यानं हसला. मग हसणं थांबलं. त्यानं कागद वडिलांच्या पुढे सरकवला. जगदेवरावांनी चष्मा लावून वाचलं आणि कप बशीत ठेवला. बाबांनी लांबूनच मारलेली रेघ ओळखली आणि खुर्चीचा हात घट्ट धरला.  खाली रस्त्यावर भाजीवाला मटारचा भाव ओरडत होता. मी मनात म्हटलं, आता जा तरी, किंवा बोला तरी.

"हे चार मिनिटं," संग्रामसिंह माझ्याकडे बघून म्हणाला, "कोणत्या कंडिशनमध्ये होतं? मतलब, झोप कमी झाली होती, की गोळी सुटली होती, की तापबिप? इथे काही लिहिलं नाही."

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

बाबा उठले. आतल्या खोलीत गेले, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि ते एक हिरवं रजिस्टर घेऊन बाहेर आले. कंपनीत यंत्रांची तपासणी ज्यात लिहितात तसलं. मी ते याआधी कधीच बघितलं नव्हतं. डॉक्टरांकडे गेलं की बाबा आधी एकटेच आत जायचे. मला वाटायचं नंबर लावायला जातात.

"अंदाजे नाही," बाबा म्हणाले. "चार मिनिटं दहा सेकंद. आदल्या रात्री झोप साडेतीन तास, बी.एड.ची परीक्षा होती. सकाळची गोळी राहिली होती."

त्यांनी रजिस्टर टेबलावर उघडून ठेवलं. अकरा नोंदी होत्या. तारीख, वेळ, किती तास झोप, ताप, गोळी घेतली की नाही, किती मिनिटं, किती सेकंद. दोन नोंदींपुढे लिहिलं होतं, 'मी हजर नव्हतो. वेळ मैत्रिणीच्या सांगण्यावरून.' बाकी सगळीकडे 'मापन: सू.' पहिल्या नोंदीतलं अक्षर इतकं वेडंवाकडं होतं की मला ते बाबांचं वाटलंच नाही.

"तुम्ही घड्याळ लावत होतात?" मी विचारलं.

"एका कुशीवर केल्यावर करण्यासारखं दुसरं काहीच नसायचं," बाबा म्हणाले. "आई तुझं डोकं धरायची. मी मोजायचो. मोजत असलो की वाटायचं, संपणार आहे."

आई तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी पण रडले, आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

संग्रामसिंहचं बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं होतं. "आणि हे काय आहे? लॉक टाइम?"

बाबा ओशाळले. "ते आमच्या कामातलं आहे. डबीचा सूर सुटला की परत बसायला किती वेळ लागतो ते. इथे म्हणजे, ती शुद्धीवर येऊन आम्हाला ओळखेपर्यंत. नेहमी सहा-सात मिनिटं लागतात. कमाल एकोणीस." त्यांनी तो रकाना वरपासून खालपर्यंत बोटानं दाखवला. "पण परत येते. अकरापैकी अकरा वेळा आली."

 जगदेवरावांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं, पानं उलटली, आणि मिटून दोन्ही हातांनी बाबांना परत दिलं, एखाद्या देवघरातली वस्तू द्यावी तसं.

"सूर्याजीराव," ते म्हणाले, "असा एक कागद आम्हाला आखून द्या. चिरंजीवांचा भरायचा राहिला. ह्याचा राग उतरायला आठ-आठ दिवस लागतात, आणि मी कधी मोजले नाहीत. चूक झाली."

"पप्पा, आठ नाही, पाच," संग्रामसिंह म्हणाला.

"कमाल लिहायचं असतं," बाबा लगेच म्हणाले. आणि मग कालपासून पहिल्यांदाच हसले. "लीला, पोहे दे ना मला पण. भूक लागली."

आईनं डोळे पुसले आणि सगळ्यांना म्हणाली, "नाश्ता करून घ्या आधी, गार होऊन गेले सगळे."

बाबांनी पोह्यांची बशी गुडघ्यावर ठेवली आणि खिशातलं पेन काढलं. माझा बायोडाटा पुढे ओढला. 'अंदाजे' खोडून '४ मि. १० से.' केलं. परिस्थितीच्या कोऱ्या रकान्यात बारीक अक्षरात झोपेचं आणि गोळीचं लिहिलं. मग पट्टी मागवून खाली आणखी एक ओळ आखली आणि लिहिलं, 'परत येणे: ११ पैकी ११.' त्याच्याखाली सही केली, 'मापन: सू.'

बाबांनी माझ्याबद्दल लिहिलेली ती पहिली चांगली ओळ. तीही मोजूनच लिहिली.